आपले सण, आपली लेकरं : एक मागोवा

महाकारुणिक तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून, आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत चार शब्द लिहीत आहोत. आम्ही काही लेखक नाही. आमचं आयुष्य जिनिंगमध्ये रुईच्या धुराळ्यात गेलं. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं जे काही शिकलो ते विहारातल्या पुस्तकांच्या कपाटानं शिकवलं. स्मरणिका समितीच्या तरुणांनी "काका, तुम्ही इतिहासावर लिहा" असा आग्रह धरला. इतिहास म्हटला की मोर्चे, ठराव आणि परिषदा डोळ्यांपुढे येतात. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, यापुढेही लिहितील. आम्ही मात्र आपल्या घरातल्या सणांचा इतिहास लिहायचं ठरवलं. त्याला कारणही तसंच घडलं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या नातीला शाळेत निबंध दिला होता, 'आमच्या घरचा सण'. ती तिसरीत आहे. वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, आपल्या घरचा सण कोणता लिहू?" आम्हाला हुरूप आला. आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ पासून सुरुवात केली ती थेट संविधानापर्यंत गेलो. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तर भाषण झालं. सणाला आपण घरी काय करतो ते सांगा ना."

बंधू-भगिनींनो, हजार माणसांपुढे न अडखळता बोलणारे आम्ही, त्या लेकरापुढे अडलो. तिला तेव्हा जे सांगता आलं नाही, ते इथं लिहीत आहोत.

सण म्हणजे येसकरपाळी

आपले आजे-पणजे ज्या काळात जगले, त्या काळात गावाला सण होता आणि आपल्याला सणाचं काम होतं. ज्याची येसकरपाळी असेल त्यानं काठी घेऊन गावभर फिरायचं, सांगावे पोचवायचे, लाकडं फोडायची, मेलेलं जनावर ओढायचं, आणि दिवस मावळला की दारोदार जाऊन भाकर मागायची. सणाच्या दिवशी भाकरीऐवजी पोळीचा तुकडा पडायचा, एवढाच काय तो फरक. आमची आजी सांगायची की तिच्या लहानपणी सण आल्याचं लेकरांना टोपल्यावरून कळायचं. टोपल्यात पोळी आली म्हणजे आज गावात सण होता!

बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळं-उष्टं अन्न सोडा. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं. पण आपला मुलूख पडला निजामाचा. तिकडचं वारं इकडं पोचायला वेळ लागला. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मकरणपूरला बाबासाहेबांच्या उपस्थितीत परिषद झाली आणि मराठवाड्यातल्या आपल्या माणसांना त्यांचा शब्द समोरासमोर ऐकायला मिळाला. पुढं १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १९५० साली औरंगाबादला बाबासाहेबांनी कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. पण खेड्यात टोपलं अजून खाली ठेवलं गेलं नव्हतं.

कयाधूच्या काठी

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. त्या दिवशी आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे आपल्या लोकांचा धम्म आधी बदलला आणि राज्य मागून बदललं! लगेच ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दुःख एवढं मोठं की ते काढायचं कसं, हेच कोणाला कळेना. मग गावोगाव एकच गोष्ट होऊ लागली. जे त्यांनी केलं ते आपण करायचं.

आमच्या घरचे देव आजीनं स्वतः देव्हाऱ्यातून काढले. पितळेचे टाक होते, पिढीजात. फडक्यात बांधले, वस्तीतल्या बाया मिळून कयाधू नदीवर गेल्या आणि पाण्यात सोडून आल्या. आजी हे सांगताना कधी रडली नाही. पण एक गोष्ट ती हमखास सांगायची. "देव गेले त्याचं काही वाटलं नाही रं. पण दुसऱ्या दिवशी तुझ्या बापानं ईचारलं, माय, आता सण कोणता? तव्हा माझ्यापाशी जबाब नव्हता."

बावीस प्रतिज्ञांनी काय सोडायचं ते स्पष्ट सांगितलं होतं. काय धरायचं तेही सांगितलं होतं : शील, करुणा, अष्टांगिक मार्ग. पण लेकराला अष्टांगिक मार्ग भुकेच्या वेळी ताटात वाढता येत नाही. त्याला गोड लागतं, नवा कपडा लागतो, चार माणसांत मिरवावं लागतं. ही जागा आपल्या मायमाउल्यांनी आपल्या अकलेनं भरली. आपल्या सणांचा खरा इतिहास तो आहे, आणि तो कुठल्या ठरावात लिहिलेला नाही.

नव्या वर्षाची आखणी

बाबासाहेबांची जयंती सार्वजनिक रीतीनं साजरी करण्याची सुरुवात पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी केली. बाबासाहेबांचं वय तेव्हा सदतीस होतं. पुढं ती खेड्यापाड्यांत आली. दिवाळीचा नवा कपडा जयंतीला आला. पुरणाची पोळी जयंतीला आली, आणि ती आपल्या चुलीवरची आली, मागून आणलेली नव्हे. वैशाख पौर्णिमेला सुजाताची आठवण म्हणून खीर आली. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचं ग्रंथवाचन आलं. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ७ फेब्रुवारीला माता रमाई, २० मार्चला महाडचं चवदार तळं, ११ एप्रिलला जोतीराव फुले, दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन. ६ डिसेंबर हा सण नव्हे, तो अभिवादनाचा दिवस, तरी लेकरांना बरोबर घेण्याचाच. बारशाला भन्ते किंवा बौद्धाचार्य आले, आणि घराघरात मिलिंद, राहुल, सिद्धार्थ, सुजाता, संघमित्रा खेळू लागले.

सगळं एका झटक्यात झालं असं कोणी समजू नये. पोळ्याला आम्ही लहानपणी मातीचे बैल करायचो. वस्तीतल्या एका कार्यकर्त्यानं हरकत घेतली. आजी म्हणाली, "बैल काय देव हाय व्हय? कष्टाचा सोबती हाय. लेकरानं त्याला ओळखावं." ते बैल राहिले. पूजा गेली आणि सोबती राहिला. असा निवाडा घरोघरी बायांनीच केला.

एक बाब मात्र विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या काळी मोठ्या माणसांना वाचता येत नव्हतं. शाळेत गेलेली पहिली पिढी लेकरांचीच. त्यामुळं विहारात, म्हणजे तेव्हाच्या तक्क्यात, ग्रंथ वाचायचा तर लेकरांनीच. त्रिशरण-पंचशील आधी पोरांना पाठ झालं आणि पोरांनी आज्यांना शिकवलं. निळ्या झेंड्यावर 'जयभीम' लिहायचं तर लेकरानं. थोडक्यात, लेकरांवाचून आपला सण पुढं सरकत नव्हता. आमच्या मते आपला सण टिकला तो याच कारणानं.

नागपूरची गाडी

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. हिंगोलीचा दसरा लांबपर्यंत प्रसिद्ध आहे. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, आकाशपाळणे लागतात, रावणदहनाला खेड्यापाड्यांतून माणूस लोटतो. आम्ही दहा वर्षांचे होतो. त्याच दिवशी तक्क्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना. आम्ही वंदना चुकवून दोन मित्रांबरोबर पाळणा बघायला पळालो. पैसे नव्हतेच, नुसता बघत उभा राहिलो. रात्री घरी आलो तर वडील दारात बसलेले. ते म्हणाले, "मारलं असतं तुला. पण मारून सण कळत नसतो."

पुढच्या वर्षी त्यांनी आम्हाला नागपूरला नेलं. तेव्हा हिंगोलीहून मीटरगेजची छोटी गाडी होती. वाशीममार्गे अकोल्याला जायचं, तिथं उतरून मोठ्या गाडीत चढायचं. मायनं ज्वारीच्या भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली. वडिलांनी मजुरीतून वर्षभर पैसे साठवले होते, हे आम्हाला फार पुढं कळलं. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. एका अनोळखी बाईनं आम्हाला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "पोरगं कोणाचंही असो, आपलंच हाय."

दीक्षाभूमीवर तेव्हा आजचा स्तूप उभा नव्हता. त्याचं उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. पण आम्ही त्या वयात जो समुद्र पाहिला तो माणसांचा होता. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, डोक्यावर गाठोडी, आणि पुस्तकांची दुकानं. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी आम्हाला एक पातळसं पुस्तक घेऊन दिलं आणि म्हणाले, "घरी गेल्यावर मला वाचून दाखव." आकाशपाळणा आम्ही नंतर पुष्कळ वेळा पाहिला, बसलोही. त्याची आठवण काढावी लागते. नागपूरची गाडी मात्र न काढता आठवते.

अठ्ठ्याहत्तरचा वर्षावास

सण म्हणजे नुसता आनंद, असं आपल्या वाट्याला आलं नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. परभणी, नांदेड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या खेड्यांत आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. आपला हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता, वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. आषाढ पौर्णिमा नुकतीच झाली होती आणि वर्षावासाचं वाचन सुरू होतं.

आमच्या गावात काही झालं नाही, पण रोज रात्री बातमी यायची. मोठी माणसं काठ्या घेऊन वस्तीच्या तोंडाशी बसायची. बायांनी ठरवलं की वाचन बंद ठेवायचं नाही. तक्क्यात सगळ्या लेकरांना मधोमध बसवलं, कंदिलाची वात बारीक केली. सातवीतली आमची थोरली बहीण 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हळू आवाजात वाचायची. बाबासाहेबांचा हा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झाला आणि नंतर मराठीत आला. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. पण भीती वाटली की तिच्या आवाजाकडं कान द्यायचे, एवढं कळत होतं. आज त्या बहिणीला नातवंडं आहेत. आम्ही भावंडं भेटलो की दुसऱ्या कशाची नाही, त्या कंदिलाची गोष्ट निघते.

नामांतरासाठी सोळा वर्षं लढा चालला. कित्येकांनी प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव लागलं. तेव्हापासून, लोक तिळगूळ वाटत असतात त्याच सुमारास, आपली माणसं लेकरांना घेऊन औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठाच्या गेटपुढं माथा टेकवायला जातात. कॅलेंडरातली एक तारीख आपल्या लोकांनी रक्तानं कमावली, हे लेकराला त्या गेटपाशी उभं करूनच सांगावं लागतं.

आमची चूक

आता जे लिहितो ते लिहायला जड जातं. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे जयंतीला आम्ही घरी रिकामे असायचो आणि खिसाही रिकामा असायचा. रिकाम्या वेळात आम्ही जयंती मंडळ चालवलं. वर्गणी, मंडप, वक्ते, गायन पार्टी, मिरवणुकीची परवानगी, सगळं अंगावर घेतलं. वीस-बावीस वर्षं १४ एप्रिलला आम्ही घरी जेवलो नाही. त्याचा अभिमान होता.

तीनेक वर्षांपूर्वी थोरल्या मुलाशी बोलता बोलता आम्ही म्हणालो, "आता तुम्ही पोरं जयंतीत लक्ष घालत नाहीत." तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुमची जयंती मंडपात झाली. आमची तुमची वाट बघण्यात गेली. माय ताट झाकून ठेवायची, आम्ही झोपून जायचो."

यावर काय बोलावं? समाजाच्या लेकरांना बाबासाहेब सांगत फिरलो आणि घरच्या लेकरांच्या ताटाशी बसलो नाही. आमच्या वडिलांनी एका पोराला घेऊन गाडीनं प्रवास केला, भाषण एकही केलं नाही, आणि आम्हाला जन्मभर पुरलं. आम्ही भाषणं केली, प्रवास एकही केला नाही.

आणि आज वस्तीत काय दिसतं? डीजे एवढा मोठा की लहान लेकरू कानावर हात ठेवून रडतं. काही पोरं पिऊन नाचतात, आणि तेही अशा महामानवाच्या जयंतीला, ज्यानं दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. दोष सगळा त्यांचा नाही. वाचायला माईक आला, झेंडे छापून आले, वंदना मोबाईलवर लागली. लेकराच्या हातातलं काम आपण काढून घेतलं. ज्याला काम नाही तो सणात बघ्या होतो, आणि बघ्याला नाचण्यापलीकडं काय उरतं?

काय करता येईल

आम्ही उपदेश करणार नाही, तो अधिकार आता राहिला नाही. आमच्या घरी काय सुरू केलं तेवढं सांगतो, पटलं तर घ्यावं.

पौर्णिमेची वंदना घरात सर्वात लहान लेकरू सुरू करतं. चुकलं तरी कोणी मधे बोलायचं नाही. वैशाख पौर्णिमेची खीर लेकरांनी ढवळायची आणि शेजारच्या पाच घरी, मग ते कोणत्याही जातीधर्माचं घर असो, त्यांनीच नेऊन द्यायची. श्रीलंकेत या पौर्णिमेला लेकरं घरोघरी कागदाचे कंदील करून लावतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण देतात. संयुक्त राष्ट्रसंघानंही १५ डिसेंबर १९९९ रोजी या दिवसाला मान्यता दिली. जगभर जो दिवस पाळतात तोच आपण इथं पाळतो, हे लेकराला कळलं की त्याची मान आपोआप वर होते. पंचशील ध्वज विकत न आणता रंगीत कागदाचा घरी करायचा : निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत तयार झाला, हे ध्वज चिकटवताना सांगायचं, भाषणात नाही.

वर्षावासात रोज एक पान लेकरानं वाचायचं आणि मोठ्यांनी ऐकायचं. आमच्या घरी सध्या नात वाचते आणि तिची पणजी, म्हणजे आमची माय, ऐकते. मायला वाचता येत नाही. ती मधेच विचारते, "मंग पुढं काय झालं गं?" नात फुशारकीनं पान उलटते. जयंतीला दुपारचं जेवण घरी, सगळे एका पंगतीत, मंडळाचं काम त्याच्या आधी किंवा नंतर. ६ डिसेंबरला आजी-आजोबांनी आपल्या लहानपणची एक खरी आठवण सांगायची. खर्च यात जवळपास नाहीच. मजुराच्या घराला परवडेल असंच आहे.

राहिला नातीचा निबंध. तो तिनं आमच्याशिवायच लिहिला. त्यात प्रतिज्ञा नव्हत्या, तारखाही नव्हत्या. तिनं लिहिलं होतं की आमच्या घरी पौर्णिमेला मी आधी बोलते आणि मग सगळे माझ्यामागून बोलतात. बाईंनी त्याखाली 'छान' असा शेरा दिला आहे.

विहाराच्या भिंती वर्गणीतून उभ्या राहिल्या, पण त्या टिकतील त्या या लेकरांच्या आवाजावर. कयाधूच्या काठी आमच्या आजीला जो प्रश्न पडला होता, त्याचं उत्तर प्रत्येक घरानं आपापल्या लेकराला सोबत घेऊन द्यावं, एवढीच विनंती करून लेखणी थांबवतो.

सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जयभीम!